निरवांगीवरची पावसाळी सावली

जुलैत इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या शिवारात उभं राहून बघा. वारा भणाणत असतो, भरलेले ढग पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून सुसाट निघून जातात, आणि खाली टिपूस नाही! पश्चिमेला जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर महाबळेश्वर. तिथे वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे 500च्या आसपास. वारा तोच, समुद्र तोच. मग पाणी गेलं कुठे?

भूगोलात याला पर्जन्यछाया म्हणतात. सावलीच ही, पण भर ढगाळ दिवशी पडणारी.

अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीच्या कड्याला धडकते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगते म्हणून निवते, दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी. थोड्याच उंचीवर वाफेचे थेंब होऊ लागतात. आणि इथे खरी गंमत आहे! वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. समुद्रावर पाण्याची वाफ होताना शोषलेलीच ती उष्णता, आता हवेला परत मिळते. म्हणून ढगातली हवा हळू निवते, किलोमीटरला 5-6 अंशच.

पाणी घाटमाथ्यावर सांडून ही हवा पलीकडे उतरते. उतरताना दाबाने आवळली जाते आणि तापते, सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो तशी. ढग विरले की तापण्याचा वेग पुन्हा किलोमीटरला 10 अंश. चढताना निवली कमी, उतरताना तापली जास्त! पाणी देऊन आलेली हवा ऊब मात्र घेऊन येते. ढगांचे काठ विरत जातात ते यामुळे.

घाटमाथ्यावर सांडलेलं पाणी मात्र इथवर येतंच, जमिनीवरून. भोरच्या डोंगरात उगवणारी नीरा निरवांगीच्या शिवेवरून वाहते. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला.

जिथे कालवा पोचत नाही तिथे ही सावली आजही राज्य करते. कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा हिंडतो, कमी पाण्यावर निभावणारा. इथले धनगर पावसाळा याच कोरड्या माळावर काढतात आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात. कोकणातल्या धो धो पावसात मेंढरू तग धरत नाही. त्याला ही सावलीच मानवते.

आणि सावली बारमाही तरी कुठे असते? सप्टेंबरात पश्चिमेचा वारा मंदावतो. तापल्या जमिनीवरून दुपारी ढग उभे चढतात, बंगालच्या उपसागरातली वादळी हवा पूर्वेकडून येते. त्या वाटेत सह्याद्रीची भिंतच नाही! उत्तरा आणि हस्ताचा हा पाऊस गडगडत कोसळतो, काळी माती तो पोटात साठवते, आणि त्यावर पेरलेली रब्बी ज्वारी पुढे थेंबभर पाऊस न पडताही, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर कणसं भरते.