चोच बघ, चोच!

शनिवारी सकाळी सात वाजता बाकी ग्रुप कॉटेजवर घोरत पडला होता, आणि मी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जांभया देत उभी होते. ऑफिसातल्या मैत्रिणीची कृपा! समोर ओली वाळू, चिखल आणि चिखलाच्याच रंगाचे पक्षी. "अगं, सगळे सारखेच तर आहेत!" मी वैतागले. तिने दुर्बीण हातात दिली. "रंग सोड. चोच बघ."

आणि दिसला कर्ल्यू! चांगला कोंबडीएवढा आणि चोच विळ्यासारखी खाली वळलेली, डोक्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. ती चिखलात खुपसून आतले खेकडे, किडे बाहेर काढायचे. मादीची चोच तर नरापेक्षाही लांब.

शेजारी त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा व्हिम्ब्रेल. फसू नका. याची चोच आखूड आणि टोकाकडे जास्त वळलेली. डोक्यावर दोन गडद पट्टे, मधोमध फिकट भांग. कर्ल्यूचं डोकं साधं. तरी शंका असेल तर कान द्या. कर्ल्यू 'कर्-ली' म्हणत स्वतःचं नाव सांगतो, व्हिम्ब्रेल एका दमात सहा-सात शिट्ट्या मारतो.

एवढा कीस कशाला पाडायचा? कारण या घरात आणखी एक भाऊ होता, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू. सायबेरियात वीण आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राचा परिसर. दुरून इतर कर्ल्यूंसारखाच, त्यामुळे थव्यात तो ओळखणं महाकठीण. १९९५ मध्ये मोरोक्कोत तो शेवटचा खात्रीने दिसला. २०२५ मध्ये 'आययूसीएन'ने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे येणारा कर्ल्यूही त्यांच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

जायचंय? सप्टेंबर ते मार्च बेस्ट. आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला पक्षी लांब पांगतात, पाणी चढू लागलं की तेच किनाऱ्याकडे सरकतात. आक्षीला सकाळीच जा, ऊन पाठीशी राहतं. आणि प्लीज, फोटोसाठी थवा उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेत बिचारे, निवांत जेवू द्या!

नऊ वाजता ग्रुप उठला. "सकाळी सकाळी कुठे गायब होतात गं दोघी?"

"दोन भावांना भेटायला," मी म्हटलं. तिसऱ्याचं मात्र पोहे संपेपर्यंत सांगवलं नाही.