समुद्रकाठच्या चालत्या छब्या

जुन्या इंग्रजी कुटुंबांच्या पेटाऱ्यांतून, विवाहाच्या दाखल्यांच्या आणि युद्धकाळातील रेशनपुस्तकांच्या खाली दडपलेली, पोस्टकार्डाएवढी एक करडी छबी बहुधा निघतेच. समुद्रालगतच्या रुंद फरसबंद रस्त्यावरून नवरा, बायको आणि मधोमध एक पोर अशी तिघे थेट आपल्याकडे चालत येत आहेत. पुरुषाचे एक पाऊल अधांतरी आहे, बाईच्या हातात पिशवी आहे, पोराने वाळू खणण्याचे फावडे खांद्यावर टाकले आहे, आणि परक्या गावात कोणी अकस्मात नावाने हाक मारावी तेव्हा उमटते तसले अर्धे हसू तिघांच्याही मुद्रेवर आहे. ही छबी काढण्यास त्यांनी कोणालाही सांगितलेले नव्हते. रस्त्यात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने ती काढली, आणि मागाहून त्यांनी ती विकत घेतली. इंग्लंडात या छब्यांना ‘वॉकीज’ असे लडिवाळ नाव पडले होते.

समुद्रकाठी धंदा करणारे छायाचित्रकार वॉकीजच्या आधीही होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातच हातगाडीवर अंधारखोली थाटून, लोखंडाच्या पातळ पत्र्यावर जागच्या जागी तसबीर उतरवून देणारे लोक वाळूवर फिरत असत; परंतु तेव्हा गिऱ्हाइकाला निश्चल उभे राहावे लागे. पुढे जलद फिल्म आणि जलद झडप हाती आल्यावर मनुष्याला थांबविण्याची गरजच उरली नाही, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या धंद्याला मोठी बरकत आली. केंट परगण्यातील मार्गेट येथे १९१९ साली निघालेली ‘सनबीम’ ही त्यांपैकी एक नामांकित पेढी होय.

कामाची रीत मोठी बेताची होती. छायाचित्रकार वर्दळीच्या जागी उभा राही, समोरून येणारी मंडळी योग्य अंतरावर येताच कळ दाबी, आणि ती त्याला ओलांडून जाण्यापूर्वी त्यांच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी ठेवी. काही पेढ्या चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फेरफार करून तो वापरीत, म्हणून एकाच पट्टीवर लागोपाठच्या तीन पावलांच्या तीन छब्या उमटलेल्याही आढळतात. फिल्म धुऊन, कागदावर उतरवून, छब्या दुकानाबाहेरील फळ्यांवर टाचल्या जात. मंडळी त्या गर्दीत आपले तोंड शोधून काढीत, आणि पसंत पडल्यास पैसे मोजीत. काही नगरपालिका ठराविक जागांसाठी परवाने देत, तर काहींनी रस्त्यात उपद्रव होतो म्हणून या धंद्यास मनाईही केली. मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, ज्या छब्या कोणी घेतल्या नाहीत त्यांना पुढे वाली राहिला नाही. आज जी हाती लागते ती प्रत्येक छबी, कोणा एका कुटुंबाने सुटीच्या मोजक्या पैशांतून काही नाणी तिच्यासाठी बाजूला काढली होती, याचा पुरावाच आहे.

आणि ते पैसे खरोखरच मोजके असत. लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत ‘वेक्स वीक’ नावाचा आठवडा पाळला जाई. त्या आठवड्यात गावातील गिरण्या एकदम बंद होत आणि निम्मे गाव आगगाडीने समुद्रकाठचे ब्लॅकपूल गाठी. ही रजा दीर्घकाळ बिनपगारी होती, म्हणून वर्षभर दर आठवड्याला थोडी थोडी शिल्लक टाकून ती साजरी करावी लागे. पगारी रजेचा कायदा झाला तो १९३८ साली. मग त्या छब्यांतील पुरुष उन्हातही कोट, टाय आणि टोपी घालून का चालले आहेत, आणि बायांनी ठेवणीतला झगा का काढला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. एकावन्न आठवडे यंत्रांच्या खडखडाटात काढणाऱ्या या माणसांची चाल त्या एका आठवड्यापुरती सैल झालेली आहे, आणि कॅमेऱ्याने नेमकी ती चालच टिपली आहे.

तसा घरगुती कॅमेरा दुर्मिळ नव्हता. १९०० साली आलेला ‘ब्राउनी’ इंग्लंडात पाच शिलिंगांना मिळे. परंतु घरच्या कॅमेऱ्याचा एक अपरिहार्य दोष असा की, तो ज्याच्या हातात असे तो मनुष्य छबीतून नाहीसा होई, आणि तो बहुधा बाप असे. अल्बमची पानेच्या पाने उलटावीत तर आई आहे, भावंडे आहेत, कुत्राही आहे, पण बाप कोठेच नाही. तो सापडतो समुद्रकाठच्या त्या एका चालत्या छबीत, पोराचा हात धरून, टोपी किंचित मागे सारून. पुष्कळ घरांत सारे कुटुंब एका चौकटीत आलेले असे हेच एकमेव चित्र असते, आणि एवढ्यासाठी तरी त्या रस्त्यातल्या माणसाचे ऋण मानावे असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर काटेरी तारा व सुरुंग आले, फिल्मची टंचाई झाली, आणि हा धंदा बसला. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला खरा; परंतु साठाच्या दशकात स्वस्त, सुलभ कॅमेरे घरोघर झाले, सुटीची मंडळी स्पेनच्या उन्हाकडे वळली, आणि तो हळूहळू मावळला. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्यांचा अल्बम घेऊन उभे असलेले फोटोवाले या धंद्याचेच सगोत्र म्हणावेत. मात्र ते आधी विचारतात आणि मग काढतात, त्यामुळे गिऱ्हाईक केस सारखे करून, कमानीकडे पाठ करून, ताठ उभे राहते. वॉकीजमधील माणसाला ताठ होण्याची सवडच मिळत नसे.

अशी छबी हाती आली तर घाईने खाली ठेवू नये. मागच्या दुकानांच्या पाट्या आणि नाटकगृहांच्या जाहिराती वाचल्या की गाव आणि कधी कधी सालही कळते. झग्याची लांबी आणि टोपीची घडण दशक सांगतात. कोपऱ्यात निगेटिव्हचा क्रमांक असतो, आणि मागे शिक्का असल्यास पेढीचे नाव मिळते. माणसांची नावे मात्र फार क्वचित मिळतात, कारण ज्यांनी छबी विकत घेतली त्यांना नावे लिहून ठेवण्याचे प्रयोजनच नव्हते. यांतील पुष्कळ छब्यांची मागील बाजू पोस्टकार्डासारखी छापलेली असते, एका अंगास मजकुराची जागा आणि दुसऱ्या अंगास पत्ता व तिकिटाचा चौकोन. परंतु बहुतेकींवर ना पत्ता, ना तिकीट, ना टपालाचा शिक्का, कारण त्या कोणास धाडलेल्याच नाहीत. सुटी संपल्यावर कपड्यांच्या घडीत जपून त्या घरी नेल्या.