होबो! पण हा शब्द आला कुठून?

दोस्तांनो, तुमच्या वर्गात असं एखादं टोपणनाव आहे का, जे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते पडलं कसं हे कुणालाच ठाऊक नसतं? विचारून बघा. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट सांगेल. आणि तीही छातीठोकपणे!

'होबो' या इंग्रजी शब्दाचं अगदी तस्संच झालंय!

साधारण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घरदार नसलेली कितीतरी माणसं कामाच्या शोधात गावोगाव भटकायची. आज गव्हाची कापणी, उद्या फळांची तोडणी, परवा जंगलात लाकूडतोड. आणि प्रवास कसा? चोरून मालगाडीत चढून! हात निसटला की थेट रुळांवर. बाप रे! याच भटक्यांना म्हणायचे होबो.

पण त्यांना भिकारी म्हणायची सोय नव्हती हं! त्यांचा हिशोब पक्का होता. फिरतो आणि काम करतो, तो होबो. फिरतो पण काम टाळतो, तो 'ट्रॅम्प'. फिरतही नाही आणि कामही करत नाही, तो 'बम'! आहे की नाही ऐट?

आता या नावाच्या गोष्टी ऐका. एक जण म्हणतो, शेतात 'हो' चालवणारा पोऱ्या तो 'हो-बॉय'. (आपलं होकाराचं 'हो' नव्हे! हे तण काढायचं लांब दांड्याचं अवजार.) दुसरा म्हणतो, छे! रेल्वेवरची माणसं 'हो, बॉय!' अशी हाळी द्यायची, त्यावरून. तिसरा न्यू यॉर्कजवळच्या होबोकेन शहराकडे बोट दाखवतो.

चौथी गोष्ट तर फारच झकास! अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. सैनिक घरी निघाले. घराकडे निघालेला म्हणजे इंग्रजीत 'होमवर्ड बाउंड'. दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं उचला. एच-ओ, बी-ओ. झालं की होबो!

थांबा, थांबा! शब्दांचे गुप्तहेर असे भुलत नाहीत. ते विचारतात, "छापील पुरावा कुठाय?" या शब्दाच्या सापडलेल्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक आहे १८८९ ची. युद्ध संपल्यावर तब्बल २४ वर्षांनी! मग तोवर हा शब्द कुठे दडून बसला होता? शिवाय ती नोंद आहे पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग गावच्या वर्तमानपत्रात. होबोकेन तर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला!

हाळीची गोष्ट मात्र सहजासहजी बाद होत नाही. एलेन्सबर्गहून रेल्वे जायचीच की! माझं मत तिलाच. पण मत म्हणजे काही पुरावा नव्हे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात होबोपुढे चक्क लिहिलंय, उगम अज्ञात!

तुमचं मत कुठल्या गोष्टीला? आम्हाला नक्की कळवा. कारणासकट हं!