‘संशोधन तिकडं परदेशात होतं, तू इथं धावून काय होणार?’

कॅन्सर संशोधनासाठी मॅरेथॉन धावतोय असं भोर-वेल्ह्यात सांगितलं, की चहाच्या टपरीपासून भावकीच्या बैठकीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं. संशोधन अमेरिकेत होतं, औषध कंपन्या काढतात, तुझ्या पायपिटीचा त्यात काय संबंध? बोलणारे मायेनंच बोलतात, पण हे धादांत चुकीचं आहे. माझं धावणं ज्या कारणानं सुरू झालं, त्याच्याच ते मुळावर येतं.

कारण आहे माझी आत्या. लग्न होऊन वेल्ह्याकडच्या गावात गेली आणि तिथल्या बायकांचं बघून मशेरी लावायला लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डाव्या तळव्यावर घेऊन बोटानं हिरड्यांना चोळायची. सकाळी एकदा, भात लावून आल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, त्याची जखम झाली, तरी घरात सगळे दाढेलाच दोष देत राहिले. शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गालातली गाठ काढली आणि त्याच वेळी मानेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या. मानेला हाताला लागेल असं काहीच नव्हतं. घरचे चिडले, ‘गळ्याला काही नसताना गळा कशाला कापला?’

प्रश्न रास्त होता. जगभरचे सर्जन त्यावर अनेक दशकं वाद घालत होते. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असेल, तर मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात, की तिथं गाठ उमटेपर्यंत थांबावं? त्याचं ठाम उत्तर मिळालं ते मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटाच्या गाठ आल्यावर. 500 रुग्णांचा हिशेब 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसं जास्त जगली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त कधी कापायचं एवढंच ठरलं. एकट्या आत्याचं दुसऱ्या पद्धतीनं काय झालं असतं, ते कुणी सांगू शकत नाही. आज तिचं तोंड पुरतं उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून खाते, पण बांधावर उभी राहून लावणीच्या बायकांवर ओरडते.

आता सांगा, हे संशोधन कोणती कंपनी करेल? विकायला त्यात आहे काय? 2023 मध्ये टाटा मेमोरियलच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा स्तनाच्या कॅन्सरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 1,600 स्त्रिया, 11 रुग्णालयं. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. हे इंजेक्शन जुनंच असल्यानं त्यातून कुणाचा गल्ला भरणार नाही. अशा प्रश्नांना पैसा लागतो तो सरकारचा किंवा देणगीदारांचा. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाखाली आहे, तेव्हा वरचे अभ्यास धावणाऱ्यांच्या वर्गणीवर झाले, असं मी म्हणत नाही. पण देणगीनं काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये 1,31,746 स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते, आणि पैसा गेट्स फाउंडेशनच्या देणगीतून आला होता. एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये त्यातून जगाला कळलं. कुणाला कळलं म्हणे? अमेरिकेलाही.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो.

स्पर्धेची फी म्हणजे देणगी, असं नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा संस्था निवडतो आणि तिच्यासाठी लोकांकडून वेगळा निधी जमवतो. त्यातही कॅन्सरवर काम करणाऱ्या अनेक संस्था उपचाराला मदत करतात, संशोधनाला नाही. दोन्ही कामं मोलाची, पण पैसे देताना विचारून घ्या आणि पावती मागा.

धावणाऱ्याला कॅन्सर होत नाही, हे खोटं. व्यायामानं आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. कॅनडाचा टेरी फॉक्स बास्केटबॉल खेळणारा पोरगा, अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरनं पाय गेला. 1980 मध्ये कृत्रिम पायावर तो संशोधनाच्या निधीसाठी 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला आणि पुढच्या वर्षी गेला.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हेही नाही. तपासणीसाठी तुकडा काढायला घाबरून घालवलेले महिने जास्त घातक ठरतात.

आणि मशेरी दातांचं औषध नव्हे, ती भाजलेली तंबाखूच. बिनधुराच्या तंबाखूनं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं निर्विवाद ठरवलेलं आहे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाढेवर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा.

मार्गासनीहून वेल्ह्याकडे पहाटे धावताना ओसरीवर बायका बोटानं हिरड्या चोळताना दिसतात. त्यांची मशेरी नेमकी कशानं सुटेल? आशाताईंच्या घरभेटीनं, बचतगटातल्या बोलण्यानं, की दुसऱ्याच कशानं? डोंगरातल्या वाड्यांवर राहून, वर्षानुवर्षं मोजूनच याचं उत्तर मिळेल आणि त्यातही विकण्यासारखं काही नसेल. मी वर्गणी मागतो ती या प्रश्नासाठी.