अंगावर फोड आले की आळ कोळ्यावर! घरातले कोळी खरंच किती धोकादायक?

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा पाठीवर लाल फोडांचा पट्टा दिसला, की घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "रात्री अंगावरून कोळी फिरला असणार." मग फोडांवर कसला तरी लेप लागतो आणि घरभर फवारणी होते. बहुतेक वेळा कोळी तिथे नव्हताच.

कोळी नुसता अंगावरून चालून गेल्याने फोड येत नाहीत. विष सोडायला त्याला चावावं लागतं, आणि माणसाला चावण्यात त्याला काडीचाही रस नसतो. कपड्यात किंवा अंथरुणात दाबला गेला, तरच तो स्वतःला वाचवायला चावतो. मग हे फोड येतात कुठून?

पहिला संशयित म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंमध्ये दबून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो पुन्हा डोकं वर काढतो. आधी काही दिवस एखाद्या जागी आग होते, ठणका लागतो, आणि मग शरीराच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचे पुंजके उठतात. यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तरच होतो. हे तीन दिवस कोळ्याला दोष देण्यात गेले, तर फोड सुकल्यावरही वेदना महिनोन्‌महिने मागे लागू शकतात. फोड डोळ्याजवळ किंवा कपाळावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

दुसरा संशयित पावसाळ्यात येतो. पेडेरस नावाचा मुंगीएवढा, नारिंगी-काळा कीडा रात्री दिव्याकडे झेपावतो. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. पण मानेवर बसलेला किडा झोपेत चिरडला गेला, की त्याच्या शरीरातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. फोड दुसऱ्या दिवशी उठतात, त्यामुळे तोवर किडा कुणाच्या लक्षातही राहत नाही. 2022 च्या पावसाळ्यात सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना याच किड्यांनी हैराण केलं होतं. बातम्यांमध्ये त्याचं नाव होतं 'नैरोबी माशी'. असा किडा अंगावर दिसला तर चापट मारू नका. फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

आता खऱ्या कोळ्यांकडे वळू. छताच्या कोपऱ्यात लांब, काडीसारख्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतो आणि जाळ्याला धक्का लागला की गदागदा हलतो. 'हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, पण त्याचे दात छोटे' असा फॉरवर्ड याच्याच नावावर फिरतो. त्याला काहीही आधार नाही. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी माश्या आणि डास खातो. आणि रात्री बाथरूमचा दिवा लावल्यावर किंकाळी फुटते ती तळहाताएवढ्या, चपट्या कोळ्यामुळे. तो जाळं विणत नाही, झुरळांची शिकार करतो. त्याच्या मादीच्या पोटाखाली कधीकधी पांढरट चकती दिसते, ती तिची अंड्यांची पिशवी. दिसायला भयंकर असला, तरी त्याचा चावा फक्त दुखतो.

भारतात जपून राहावेत असे कोळी आहेत, पण ते सहसा घरात राहत नाहीत. सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या केसाळ टॅरंटुलांपैकी काहींच्या चाव्याने स्नायूंना जोराचे पेटके येतात. ब्लॅक विडोच्या नात्यातल्या काही जातीही देशात आढळतात. अमेरिकेतला ब्राउन रिक्लूज मात्र आपल्याकडचा नाही, त्यामुळे 'या कोळ्याने हात सडला' असे फोटो पुढे ढकलण्याआधी थांबा. टॉयलेट सीटखाली दबा धरून बसलेल्या जीवघेण्या कोळ्याची गोष्ट तर 1999 पासून ईमेलवर फिरते आहे. पुढे त्यात आशियातल्या एका निरुपद्रवी, उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव घुसवलं गेलं. बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर तो रंगीत दिसतो!

पण कोळी निरुपद्रवी असला म्हणून जळमटं कुणाला आवडतात? इथे स्प्रेवर फारशी भिस्त ठेवू नका. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, झुरळासारखं अंग चाटून साफ करत बसत नाही, त्यामुळे फरशीवर मारलेलं औषध त्याच्या पोटात फारसं जातच नाही. अंडी तर रेशमी पिशवीत सुरक्षित असतात. शिवाय अशा काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी आहे. लांब दांड्याचा झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर जास्त कामाचा. जाळ्यासोबत अंड्यांच्या पिशव्याही निघाल्या पाहिजेत. नाहीतर थोड्याच दिवसांत पिल्लांची फौज हजर. पुदिन्याच्या तेलाचं म्हणाल, तर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जाती त्यापासून दूर राहिल्या, पण लिंबाच्या तेलाचा काही उपयोग झाला नाही.

खरा उपाय म्हणजे त्यांचं जेवण बंद करणं. दिव्यावर किडे आले की त्यांच्या मागे कोळी येतोच. दारावरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावा, खिडक्यांना जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके कमी करा. मोठा कोळी दिसलाच, तर त्याच्यावर पारदर्शक डबा उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडून द्या.

आणि कोळी चावलाच, तर जागा साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. ब्लेडने चिरा देणं, तोंडाने विष ओढणं असले प्रकार अजिबात नकोत. पेटके, दरदरून घाम, श्वास लागणं किंवा वाढत जाणारी सूज दिसली तर लगेच दवाखाना गाठा. सापडला तर त्या कोळ्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. चपलेखाली आलेला कोळी डॉक्टरांना ओळखता येत नाही.