प्रवाळाला आधार : एपॉक्सी पुट्टीची निवड व वापर

खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत जिवंत प्रवाळ वाढविणे हा छंद नेत्रसुखद आहे, तितकाच जबाबदारीचाही आहे. प्रवाळ दगडासारखा दिसत असला तरी तो प्राणी आहे. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल वास करते व प्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करते. त्या बळावर प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतो. त्यासाठी दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमान व ८.१ ते ८.४ सामू राखावा लागतो. एवढ्या नाजूक समतोलात बाहेरची कोणतीही वस्तू सोडताना विचार करावाच लागतो. एपॉक्सी पुट्टी ही अशीच एक वस्तू होय.

गरज कशासाठी?

प्रवाळाचा तुकडा खडकावर नुसता ठेवला, तर पाण्याचा झोत किंवा गोगलगाय त्याला सहज लोटून देते. पडलेला तुकडा वाळूत गाडला जातो, अथवा शेजारच्या प्रवाळावर जाऊन त्याच्या दंशाने मरतो. सतत हलणाऱ्या तुकड्याला खडकावर बूड पसरता येत नाही. खडकांची रचनाच डळमळीत असेल, तर एखादा खडक घसरून काच तडकण्याचा धोका असतो. म्हणून पक्का आधार हवा.

पुट्टी घट्ट कशी होते?

काच बसविणारे कारागीर वापरतात ती जुन्या पद्धतीची लांबी हवेत हळूहळू कडक होते. एपॉक्सीचे तसे नाही. तिच्यात राळ व कठिणक असे दोन घटक असतात. ते एकत्र मळले की रासायनिक अभिक्रिया सुरू होते. या क्रियेला सुकण्याची गरज नसल्यामुळे ती पाण्याखालीही पूर्ण होते. तिच्यात उष्णता निर्माण होते. गोळा जितका मोठा, तितका तो अधिक तापतो.

निवड

घरातील नळाची गळती थांबविणारी पुट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु नळासाठी योग्य ते प्रवाळासाठी योग्य, असे मानू नये. वेष्टनावर सागरी मत्स्यालयासाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल, तीच पुट्टी घ्यावी. धातूची भुकटी मिसळलेली पुट्टी कटाक्षाने टाळावी. तांब्याचा अल्पसा अंशही कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना घातक ठरतो. जांभळट वा करड्या रंगाची पुट्टी खडकात मिसळून जाते, आणि कालांतराने गुलाबी-जांभळे चुनखडीयुक्त शैवाल तिच्यावर पसरते.

वापर

हातमोजे घालूनच काम करावे, कारण कच्च्या एपॉक्सीने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. खडकावरील जागा ब्रशने घासून शेवाळ काढावे. लागेल तेवढाच तुकडा कापावा आणि दोन्ही रंगांच्या रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत मळावा. अर्धवट मळलेला गोळा नीट कडक होत नाही व त्यातील रसायने पाण्यात उतरत राहतात. मळल्यानंतर हाताशी काही मिनिटेच असतात, म्हणून तुकड्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.

ओल्या पृष्ठभागावर पुट्टी फारशी चिकटत नाही, हे ध्यानात घ्यावे. तिचे बळ पकडीत आहे. ती खडकाच्या खाचांत दाबून बसवावी लागते. लहान तुकड्यासाठी पुट्टीच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट जेलस्वरूपातील सुपर ग्लू लावावा. ग्लू तात्काळ चिकटतो, पुट्टी पोकळी भरते व भार पेलते. पुट्टी प्रवाळाच्या सांगाड्यालाच लागावी, जिवंत ऊतीला नव्हे. मोठ्या खडकांचा भार मात्र केवळ पुट्टीवर सोपवू नये. ते आधी एकमेकांवर स्थिर बसले पाहिजेत.

नंतरची काळजी

ताज्या पुट्टीमुळे पाणी किंचित गढूळ होते आणि प्रोटीन स्किमरमधून फेस उतू जाऊ लागतो. स्किमर काही तास बंद ठेवावा. परंतु पाण्याचे अभिसरण थांबवू नये, अन्यथा प्राणवायू घटतो. सक्रिय कोळसा वापरावा. एका दिवशी थोडेच काम करावे. लहान टाकीत तर हे पथ्य अधिकच पाळावे. पुट्टी पूर्ण कडक होण्यास साधारणतः एक दिवस लागतो.

काचपेटीपलीकडे

हे तंत्र छंदापुरते उरलेले नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा कीज येथे रोपवाटिकेत वाढविलेले प्रवाळ समुद्रतळावरील खडकांवर सागरी एपॉक्सीने बसविले जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील पाणी असह्य तापले, तेव्हा अनेक प्रवाळ जमिनीवरील टाक्यांत हलवून वाचवावे लागले. टाकीत प्रवाळ जगविण्याचे ज्ञान तेव्हा समुद्राच्या कामी आले.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळभित्ती घडविणाऱ्या दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून ते तोडणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. म्हणून हा छंद जोपासू इच्छिणाऱ्याने पुट्टी निवडण्याआधी आपल्या टाकीत येणारा जीव कोठून आला, हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर टाकीत मृत खडकांची रचना करून मासेच पाळावेत. तीही रचना याच पुट्टीने सुबक होते, आणि समुद्रातील प्रवाळ समुद्रातच राहतो.