पिळलेला खडू आणि काचतंतू

नवा खडू दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. तो सरळ आडवा तुटत नाही. साधारण ४५ अंशांत तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. पीळ बसला की त्या तिरक्या रेषेला काटकोनात खडू ताणला जातो आणि रेषेच्या दिशेने दाबला जातो. यंत्राच्या शाफ्टवरचा पीळ मोजताना हाच तिरकेपणा कामी येतो.

हा ताण मोजायला वापरतात काचतंतू, केसाएवढा, १२५ मायक्रोमीटर जाडीचा. त्याच्या गाभ्यात अतिनील लेझरने समान अंतरावर सूक्ष्म पट्टे उमटवतात. ही ब्रॅग ग्रेटिंग. आलेल्या प्रकाशातली एकच तरंगलांबी ती माघारी पाठवते. तंतू ताणला की ती तरंगलांबी वाढते. मीटरमागे एक मायक्रोमीटर ताणाला फरक सुमारे १.२ पिकोमीटर.

खरी अडचण उष्णतेची. तापमान एका अंशाने चढलं तरी तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते, म्हणजे नुसत्या उन्हानेही पीळ वाढल्याचा भास व्हायचा. यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. शाफ्टवर दोन ग्रेटिंग चिकटवायच्या, एक ४५ अंशांत उजवीकडे, दुसरी तितकीच डावीकडे. पिळाने एक ताणते, दुसरी दबते. उष्णतेने मात्र दोन्ही सारख्याच सरकतात. वजाबाकी केली की उष्णता गळून जाते आणि पीळ उरतो, दिशेसकट.

शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे शेजारच्या मोटरीच्या चुंबकीय क्षेत्राने या मापात गोंधळ होत नाही.